घरच्या जलतरण तलावाच्या काठावरील सुटलेल्या टाइल्सची दुरुस्ती

लोणावळा, कर्जत, अलिबाग या भागांतल्या बंगल्यांमध्ये आणि फार्महाउसांवर खासगी जलतरण तलाव आता नवलाईचे राहिलेले नाहीत. पावसाळा सरून तलाव पुन्हा वापरात येऊ लागला की त्यांच्या मालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: काठाजवळची टाइल हलते आहे, किंवा सुटून तळाशी जाऊन पडली आहे. अशा वेळी हाताशी असेल त्या गवंड्याला बोलावून पांढऱ्या सिमेंटमध्ये ती पुन्हा दाबून बसवली जाते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत शेजारच्या आणखी दोन-तीन टाइल्स घेऊन ती पुन्हा सुटते. टाइल सुटणे हा बहुतेक वेळा परिणाम असतो. मूळ कारण तिच्या पाठीमागे, किंवा तिच्या वर असलेला काठाचा दगड आणि बाहेरची फरशी यांच्यामधल्या सांध्यात असते. म्हणून या लेखात टाइल चिकटवण्याइतकीच जागा त्या सांध्याला दिली आहे.

काठाची रचना आणि टाइल सुटण्याची कारणे

तलावाच्या आतून बाहेर पाहत गेल्यास प्रथम पाण्याच्या पातळीवरची टाइल्सची पट्टी येते, तिच्यावर काठाचा दगड, ज्याला सगळे मिस्त्री कोपिंग म्हणतात, आणि त्यापलीकडे बसण्या-चालण्याची फरशी. तलावाची भिंत आरसीसीची असून तिचे तापमान आतल्या पाण्यामुळे फारसे बदलत नाही. बाहेरची फरशी मात्र मुरमाच्या भरावावर टाकलेल्या काँक्रीटवर असते. ती दुपारी तापून प्रसरण पावते, रात्री आकसते आणि खालचा भराव दबला तर खचतेही. काँक्रीट एक अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ०.०१ मि.मी. वाढते, म्हणजे ६ मीटर रुंदीची फरशी ३० अंशांच्या फरकाने जवळपास २ मि.मी. वाढेल. ही वाढ सामावून घेण्यासाठी कोपिंग आणि फरशी यांच्यामध्ये रबरासारखा लवचीक सांधा ठेवावा लागतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो सिमेंटने भरून टाकलेला आढळतो, कारण दिसायला तो नीटनेटका वाटतो. मग फरशी कोपिंगला रेटते, कोपिंग केसभर सरकते आणि त्याखालच्या टाइलची पकड सुटते. त्याच भेगेतून पावसाचे पाणी आत शिरते आणि टाइलच्या मागे साचून राहते.

दुसरे कारण पाण्याच्या रसायनाचे आहे आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि ते किंचित आम्लधर्मी असते. लोणावळ्यासारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे ४,००० मि.मी. पाऊस पडतो, म्हणजे दीड मीटर खोल तलावात त्याच्या खोलीच्या दुपटीहून अधिक पाणी नुसते आकाशातून येते. कॅल्शियमला भुकेलेले हे पाणी आपली गरज सांध्यांमधल्या सिमेंटमधून भागवते. ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांतला हा भराव, आधी खरखरीत, मग भुसभुशीत होते आणि शेवटी बोटाने निघते. स्किमरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या काठाजवळच्या तोंडात, क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या सतत ठेवण्याची सवय असेल तर सामू (पीएच) आणखी खाली जातो.

तपासणी

दुरुस्ती किती करायची हे डोळ्यांनी ठरत नाही, कानांनी ठरते. थापीच्या लाकडी मुठीने प्रत्येक टाइलवर, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांजवळ, हलकेच ठोकावे. घट्ट बसलेली टाइल खणखणीत वाजते, मागून सुटलेली बद्द वाजते, आणि काही वेळा मधोमध खणखणीत वाजणारी टाइल कोपऱ्यांना पोकळ असते. पोकळ वाजणाऱ्या प्रत्येक टाइलवर खडूने खूण करावी. आज हाताने हलणाऱ्या टाइल्स चार असल्या तरी खुणा पंधरावर गेल्या तर नवल मानू नये, आणि त्या पंधराही काढण्याची तयारी ठेवावी.

त्यानंतर कोपिंगवर उभे राहून, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकून दगड हलतो का ते पाहावे. कोपिंगच हलत असेल तर आधी ते उचलून नव्याने बसवावे लागते, त्याखालच्या टाइल्स नंतर. टाइलच्या सांध्यांतून पांढरी पूड बाहेर येत असेल तर मागे पाण्याची ये-जा चालू आहे असे समजावे. पाण्याची पातळी वाजवीपेक्षा लवकर उतरते अशी शंका असल्यास बादलीची चाचणी करावी: पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर अशी ठेवावी की आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीवर राहील, पंप बंद ठेवावा आणि २४ तासांनी दोन्ही पातळ्या पाहाव्यात. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखेच होते, तेव्हा तलावाचे पाणी बादलीपेक्षा जास्त उतरले असेल तर गळती आहे.

एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. सुटलेल्या टाइल्स एका सरळ रेषेत असून तीच भेग कोपिंगमधून वर आणि भिंतीतून खाली जात असेल, किंवा तलाव काळ्या मातीच्या जमिनीत असून एका बाजूचा काठ दुसऱ्यापेक्षा खचलेला दिसत असेल, तर ते काम टाइलचे राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तेथे हात घालू नये.

हंगाम आणि साहित्य

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कोकणात जून ते सप्टेंबर हे काम करूच नये. एप्रिल-मे मध्ये करावेच लागले तर सकाळी लवकर किंवा चारनंतर करावे आणि काठावर हिरवी जाळी किंवा ताडपत्री बांधून सावली धरावी, कारण तापलेल्या भिंतीवर मसाला पसरल्याबरोबर सुकतो.

टाइल निवडताना न्हाणीघराच्या भिंतीची चकचकीत सिरॅमिक टाइल घेऊ नये. तिची पाठ पाणी शोषते. तलावासाठी पाणी शोषण्याचे प्रमाण ०.५ टक्क्यांहून कमी असलेली पोर्सिलेन टाइल किंवा काचेची मोझेक घ्यावी. मोझेकचे पत्रे दोन प्रकारचे मिळतात. मागे जाळी चिकटवलेले पत्रे हाताळायला सोपे असले तरी जाळीचा गोंद सतत पाण्याखाली राहिल्यास विरघळण्याचा धोका असतो. समोरून कागद लावलेले पत्रे बसवायला किचकट, पण काचेची अख्खी पाठ मसाल्याला टेकते, म्हणून तलावात तेच वापरावेत. काच पारदर्शक असल्याने तिच्यासाठी पांढरा अ‍ॅडहेसिव्ह लागतो.

अ‍ॅडहेसिव्ह आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा असावा आणि त्याच्या माहितीपत्रकात 'जलतरण तलावासाठी' किंवा 'सतत पाण्याखाली' असा स्पष्ट उल्लेख असावा. त्यावर युरोपीय वर्गीकरणही दिलेले असल्यास सी-२ आणि एस-१ ही अक्षरे शोधावीत. सी-२ म्हणजे अधिक पकडीचा आणि एस-१ म्हणजे थोडी हालचाल सोसणारा. प्रमाण काढणे सोपे आहे: ३ मि.मी. जाडीला चौरस मीटरमागे साधारण साडेचार किलो कोरडी पूड लागते, म्हणजे १५ सें.मी. रुंदीची ६ मीटर पट्टी पाच किलोंत होते. २० किलोंचे पोते फोडून उरलेले पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. दमट हवेत त्यात खडे होतात.

याशिवाय डायमंड ब्लेडचा चार इंची ग्राइंडर, पातळ छिन्नी, हातोडी, दातेरी थापी, ३ मि.मी.चे स्पेसर, ग्राउट, सिमेंट-पॉलिमर जातीचे दोन घटकांचे वॉटरप्रूफिंग, पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट, बॅकर रॉड म्हणून मिळणारी फोमची गोल दोरी, मास्किंग टेप, डोळ्यांना चश्मा आणि एन-९५ मास्क एवढे जमवावे. ग्राइंडरची वायर विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच यावी आणि तलावातल्या दिव्यांचा एमसीबी आधी पाडावा. ओल्या काठावर बसून विजेचे हत्यार चालवण्यात जीवाचा धोका असतो. येथे तडजोड नको.

पाणी किती उतरवावे

संपूर्ण तलाव रिकामा करू नये. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असते तेव्हा, विशेषतः अलिबागसारख्या किनारपट्टीच्या भागात पावसाळ्यानंतर, रिकाम्या तलावाला खालून पाणी वर रेटते आणि भिंत किंवा तळ तडकू शकतो. टाइल्सच्या पट्टीखाली ३० ते ४० सें.मी. पाणी उतरले की काम करण्यापुरती जागा मिळते.

पाणी उतरवण्याआधी त्याच्याकडून एक काम करून घ्यावे. पहाटे वारा पडलेला असताना पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे आणि सुटलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंच्या घट्ट टाइल्सवर पेन्सिलीने पाण्याची रेषा काढावी. पाणसळ किंवा लेव्हल पाइपपेक्षा ही रेषा अधिक अचूक असते. ज्या तलावांत पाणी काठावरून जाळीच्या नालीत सांडते तेथे तर काठाची पातळी हाच सगळा खेळ असतो, २-३ मि.मी. चूक झाली तरी पाणी एकाच बाजूने वाहते आणि उरलेला काठ कोरडा राहून त्यावर पांढरे डाग पडतात.

फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवून पाणी सोडावे. पातळी स्किमरच्या तोंडाखाली जाण्याआधी स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून तळाच्या जाळीवरून पाणी ओढावे, नाहीतर पंप हवा खातो आणि त्याचे सील जळते. क्लोरीन असलेले पाणी विहिरीत किंवा झाडांच्या आळ्यांत सोडू नये. दोन-चार दिवस आधी क्लोरीन घालणे थांबवले की उन्हाने ते पुरेसे उतरते.

टाइल काढणे आणि तिची पाठ वाचणे

घट्ट टाइल्सच्या कडांवर मास्किंग टेप लावून घ्यावी आणि खाली पाण्यावर ताडपत्री ताणून धरावी, म्हणजे काचा आणि खडे तळाच्या जाळीत जाणार नाहीत. खूण केलेल्या भागाभोवतीचा सांधा ग्राइंडरने फक्त टाइलच्या जाडीइतका कापावा, जेणेकरून ठोक्यांचे हादरे शेजारी पोहोचणार नाहीत. सर्वांत सैल टाइलपासून सुरुवात करून छिन्नी भिंतीला शक्य तितकी समांतर धरावी आणि ठोका नेहमी रिकाम्या बाजूकडून द्यावा. घट्ट टाइलच्या कडेवर छिन्नी टेकवून उचकटण्याचा मोह आवरावा, कारण अशाने दुरुस्ती दोन फुटांची चार फुटांवर जाते.

काढलेली टाइल लगेच पोत्यात टाकू नये. उलटी करून तिची पाठ पाहावी. घरमालकाला एवढी स्पष्ट माहिती दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. पाठ स्वच्छ, जणू आत्ताच खोक्यातून काढलेली असेल, तर मसाल्याची आणि टाइलची गाठच पडली नव्हती: एक तर पोर्सिलेनची टाइल साध्या सिमेंटवर बसवली होती, जे तिच्या न शोषणाऱ्या पाठीला धरत नाही, किंवा अ‍ॅडहेसिव्हवर साय धरल्यानंतर टाइल दाबली गेली होती. पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मसाल्याचे गोळे दिसले तर मधल्या पोकळ्यांत पाणी फिरत होते. तलावात ही पद्धत बादच समजावी. टाइलबरोबर मसाला आणि त्यामागचा गिलाव्याचा पापुद्राही निघून आला असेल, तर टाइल आणि मसाला निर्दोष असून गिलावा कमजोर झाला आहे आणि तो खरवडून काँक्रीटपर्यंत जावे लागेल. सर्व टाइल्सच्या फक्त वरच्या कडेला माती आणि पांढरा थर असेल तर पाणी वरून, कोपिंगच्या सांध्यातून येत होते. निदान हाती आले की पुढचे काम कोठे जास्त करायचे हे आपोआप ठरते.

मागची भिंत तयार करणे

जुना मसाला छिन्नीने पूर्ण काढावा. पांढरी पूड तारेच्या ब्रशने कोरडी घासून, मग पाण्याने धुवावी. अनेक मिस्त्री येथे सरळ अ‍ॅसिड ओततात, ते टाळावे. कोपिंग कडप्पा, शहाबाद किंवा कोट्याचे असेल तर हे सर्व चुनखडीचे दगड अ‍ॅसिडने कायमचे डागाळतात, आणि तलावाच्या क्लोरीनशी अ‍ॅसिडचा संबंध आला तर विषारी वायू निघतो. दोन्ही वस्तू एका खोलीतही ठेवू नयेत.

भुसभुशीत गिलावा काढल्यावर राहिलेले खड्डे एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारे रबरी द्रावण) घातलेल्या १:३ सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरून गुरमाळ्याने सपाट करावेत. नव्या टाइलची आणि अ‍ॅडहेसिव्हची जाडी मिळून शेजारच्या टाइलशी चेहरा जुळेल इतके खोल हे पृष्ठ राहिले पाहिजे. एखादी टाइल कोरडीच धरून ते तपासावे. या पट्टीवर सात दिवस पाणी मारावे. येथे घाई केल्यास पुढचे सगळे वाया जाते, हे मजुरीच्या हिशोबात बसत नसल्यामुळे मालकानेच धरून बसावे लागते.

त्यानंतर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत, पहिला आडवा, दुसरा उभा, आणि दोहोंमध्ये पोत्यावर सांगितलेले अंतर ठेवावे. जुन्या वॉटरप्रूफिंगवर तो किमान काही सेंटिमीटर चढला पाहिजे. भिंत दमट चालते, पण हात लावल्यावर पाणी लागत असेल तर नाही.

टाइल बसवणे

सर्व टाइल्स आधी जमिनीवर कोरड्या मांडून सांध्यांची रेषा खालच्या ओळीशी जुळवावी आणि कापायचा तुकडा कोपऱ्याकडे जाईल असे पाहावे. अ‍ॅडहेसिव्ह कालवताना पाण्यात पूड घालावी, पुडीत पाणी नाही. कालवून पाच मिनिटे तसाच ठेवून पुन्हा एकदा ढवळावे. घट्ट होऊ लागल्यावर वरून पाणी घालून तो सैल करण्याची सवय सर्वत्र आहे. असा मसाला टाकून द्यावा.

एका वेळी चार-पाच टाइल्स होतील एवढ्याच भागावर थापीच्या सपाट बाजूने पातळ थर घासून घ्यावा, मग दातेरी बाजूने एकाच दिशेने ओढावा. टाइलच्या पाठीवरही सपाट थर द्यावा. टाइल दातांच्या आडव्या दिशेने थोडी सरकवत दाबली की रेघा मोडतात आणि मधली हवा निघते. पहिली टाइल बसवून लगेच काढून पाहावी; पूर्ण पाठीवर मसाला लागलेला असेल तरच पुढे जावे. पसरलेल्या मसाल्याला बोट लावल्यावर तो बोटाला चिकटला नाही तर साय धरली आहे. तो खरवडून नवा लावावा. खालच्या ओळीला आधार म्हणून लाकडी पट्टी द्यावी, वरची ओळ मास्किंग टेपने कोपिंगला बांधून ठेवावी, आणि पाणी उतरवण्याआधी काढलेल्या पेन्सिलीच्या रेषेवर दोरी ताणून प्रत्येक टाइल तपासावी. टाइलची वरची कड आणि कोपिंगचा तळ यांच्यामध्ये ५ मि.मी. जागा सोडावी, तेथे ग्राउट नव्हे, सीलंट जाणार आहे.

ग्राउट

२४ तासांनंतर सांधे भरावेत. इपॉक्सी ग्राउटला आम्लधर्मी पाण्याचा त्रास होत नाही, म्हणून पाणी वारंवार बिघडत असलेल्या तलावासाठी ते सरस. पण ते महाग असते, सांधे पूर्ण कोरडे लागतात, उन्हात लवकर आवळते आणि टाइलवर वाळलेला थर नंतर निघता निघत नाही. नवख्याने ते एका वेळी वाटीभरच कालवावे आणि नायलॉनच्या घासणीने लगोलग पुसत जावे. दुरुस्ती लहान असेल आणि उरलेल्या तलावाला सिमेंटचे ग्राउट असेल तर पॉलिमरयुक्त सिमेंट ग्राउटच वापरावे, रंगही जुळतो. पांढरे सिमेंट तेवढे नको.

कोपिंग आणि फरशी यांच्यामधला सांधा

हा भाग मिस्त्रीवर सोडून आत जाऊ नये. जुना सिमेंटचा भराव ग्राइंडरने कापून आणि छिन्नीने काढून सांधा १० ते १२ मि.मी. रुंद करावा. तो नुसता वरवर मोकळा करून उपयोग नाही. फरशीखालचे काँक्रीट कोपिंगच्या बुडाला टेकलेले असेल तर तेही कापून वेगळे करावे लागते. पत्र्याची पट्टी सांध्यात उभी घालून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोठेही न अडकता सरकली तरच सांधा खऱ्या अर्थाने मोकळा झाला असे मानावे.

धूळ ब्लोअरने काढून सांधा एक दिवस कोरडा होऊ द्यावा. त्यात सांध्याच्या रुंदीपेक्षा थोडी जाड फोमची दोरी बोथट वस्तूने दाबून बसवावी, म्हणजे सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी राहते: १२ मि.मी. रुंदीला ६ मि.मी. दोरीचे दुसरे काम असे की सीलंट तळाला चिकटत नाही. तो दोन्ही बाजूंनाच धरला तर ताणला जातो, तिन्ही बाजूंना धरला तर फाटतो. दोन्ही कडांना टेप लावून सीलंट सलग भरावा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याने किंचित खोलगट करावा आणि साय धरण्याआधी टेप काढावी. टाइल आणि कोपिंग यांच्यामधली ५ मि.मी.ची फटही याच सीलंटने बंद करावी. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे खिडक्यांचे सिलिकोन येथे चालत नाही. दगडाला ते नीट धरत नाही. एक घटकाचे पॉलियुरेथेन दिवसाला अवघे दोन-तीन मि.मी. आतपर्यंत आवळते, तेव्हा तीन दिवस त्यावर पाय किंवा खुर्चीचा पाया पडू देऊ नये.

पाणी भरणे आणि नंतरची देखभाल

शेवटचे ग्राउट भरल्यापासून साधारण १४ दिवस पाणी त्या पट्टीला लागू देऊ नये. पोत्यावर यापेक्षा जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे थांबावे, आणि थंडीत दोन-चार दिवस वाढवावेत. पाणी वर आणल्यावर पहिल्या आठवड्यात नव्या सिमेंटमुळे सामू चढतो, म्हणून तो रोज तपासावा. सामू ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) लिटरला ८० ते १२० मि.ग्रॅ. आणि कॅल्शियमची कठीणता २०० ते ४०० मि.ग्रॅ. या मर्यादांत पाणी राहिले की ते ग्राउट खात नाही. अल्कलिनिटी खाण्याच्या सोड्याने आणि कठीणता कॅल्शियम क्लोराइडने वाढवता येते. बोअरवेलचे पाणी असेल तर कठीणता बहुधा आधीच भरपूर असते. तेथे टाइलवर पांढरा खरपुडा चढण्याकडे लक्ष द्यावे लागते.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला कठीणता मोजावी, आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा थापीची मूठ घेऊन पुन्हा सगळा काठ ठोकून काढावा. त्याच वेळी सीलंटवर अंगठा दाबून पाहावा: तो दबून परत वर आला तर ठीक, कडेने सुटलेला किंवा कडक झालेला असेल तर तेवढाच भाग कापून नव्याने भरावा. हे काम अर्ध्या दिवसाचे असते आणि त्यासाठी पाणी उतरवावे लागत नाही.